दा मोठा, रा छोटा

गिटारच्या एका सुरावर पिक भराभर खालीवर चालवत राहायचा, की झाला ट्रेमोलो. १९६२ साली डिक डेलने ‘मिसिर्लू’ याच जोरावर गाजवलं. मला तसला दणका नको होता. गजाने काढल्यासारखी सलग रेघ हवी होती, फक्त आठ बारांची. एका संध्याकाळचं काम, असं घरी सांगितलं होतं. तीन रविवार गेले.

१. कान आपली बाजू घेतो. वाजवताना मला सगळं सलग ऐकू येत होतं. रेकॉर्ड केलेला टेक स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर डोंगर, टेकाड, डोंगर, टेकाड. डाउनस्ट्रोक दणकट, अपस्ट्रोक मलूल. टेम्पो १५०, दर ठोक्याला चार फटके, म्हणजे सेकंदाला १० फटके. एवढ्या घाईत कुणाला कळणार? बायकोला कळलं. “घोडा चाललाय का?” म्हणाली.

२. आळशी माणूस आधी मोठा आवाज दाबणारा कम्प्रेसर लावतो. मीही लावला. रिलीज ३०० मिलिसेकंदांवर, आणि इथे दर १०० मिलिसेकंदांनी नवा फटका. त्याला दाब सोडायला उसंतच मिळेना. मोठा फटका दबला, छोटाही तेवढाच दबला, फरक जिथल्या तिथे. वर तुकड्याचा पहिलाच फटका, कम्प्रेसर जागा व्हायच्या आत निसटलेला, फटाक्यासारखा वाजला. यावर एक चोरवाट सापडली: एक बार आधीपासून वाजवत यायचं आणि नंतर तेवढा भाग कापून टाकायचा. घोडा मात्र चालतच राहिला.

३. उत्तर खालच्या मजल्यावर होतं. तिथल्या काकू सतार शिकवतात. जिन्यात भेटल्या तेव्हा मी रडगाणं गायलो. त्यांनी विचारलं, “नुसता ‘रा’ कधी वाजवलायस?” सतारीवर नखीचे दोन मूळ बोल, ‘दा’ आणि ‘रा’, येणारा-जाणारा हात. दोन्ही एका वजनाचे निघेपर्यंत त्या मुलांना पुढे जाऊ देत नाहीत. वीस वर्षं गिटार वाजवणारा मी आठवडाभर ६० च्या टेम्पोवर नुसते अपस्ट्रोक मारत बसलो. पहिल्या दिवशी पिक दोनदा हातातून उडाला. एकदा सोफ्याखाली.

४. पिक पातळ असला की वाकतो, आणि सरळ व्हायला उशीर करतो. माझा ०.६ मिलिमीटरचा होता, १.५ चा घेतला. सपाट धरला की प्रत्येक सुराआधी ‘टक’. कडेवर किंचित कलता केला की तारेवरून घसरतो. मोहात पडून जास्त कलवला, तर जाड तारांवर खरखर. टोक तारेखाली जेमतेम उतरायला हवं. आणि कोपर ताठ झालं की टेक थांबवायचा. हे मला पन्नासाव्या टेकला सुचलं, तोवर दंडात गोळा आला होता.

५. गेन वाढवला की फटक्यांची उंची आपोआप सारखी होते, पण पिकचा आवाजही सुराच्या बरोबरीने ओरडतो. गेन उतरवला, नेक पिकअप घेतला, टोनचं बटण थोडं मागे. बस्स.

६. मग हाव सुटली. कॉम्प्युटरवर एकेक फटका कापून वेळेवर बसवला, उंची मोजून सारखी केली. रात्री दोनला ऐकलं, तर शिलाई मशीन! कुणीतरी परकराला टीप मारत होतं. सगळं पुसलं. शेवटी ठेवला तो टेक सातव्या बारमध्ये जरासा श्वास घेतो. तिथे हात थकला होता, हे मला माहीत आहे; काकूंना तोच बार आवडला. अँपसमोरच्या माइकमध्ये घरघर नको म्हणून त्या टेकसाठी फ्रिज बंद केला होता. तो चालू करायचा राहिला. सकाळी दोन लिटर दूध नासलं.