विश्वास ठेवा, वहीही ठेवा

मिशन प्रशिक्षणाला निघालेल्या कुटुंबाला मंडळीत एक वाक्य हमखास ऐकू येते: देव पुरवील. वाक्य खरे आहे, त्यावर माझाही भरवसा आहे. पण कोणी फी, घरभाडे किंवा मुलांच्या शाळेचा विषय काढला की नेमके तेव्हाच ते उच्चारले जाते आणि विषय तिथेच मिटतो. मग घाईघाईने दिलेला राजीनामा, गहाण पडलेले दागिने, मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे, सगळेच ‘विश्वासाचे पाऊल’ या नावाखाली जमा होते. माझे म्हणणे एवढेच की पुरवठ्यावर विसंबणाऱ्या घराला हिशेब इतरांपेक्षा जास्त लागतो. देवावर विसंबून निघायचे आणि खर्च मात्र सावकाराच्या भरवशावर करायचा, हे एका घरात नांदत नाही.

ज्यांची नावे व्यासपीठावरून घेतली जातात, त्यांचेच आचरण पाहू. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी अनाथांसाठी कोणापुढे हात पसरला नाही, हे सर्वांना पाठ असते. त्यांनी कर्ज काढले नाही आणि आलेल्या देणग्यांची नोंद छापून लोकांपुढे ठेवली, हे मात्र गाळले जाते. पहिल्या अनाथगृहाच्या तयारीत १८३५ च्या डिसेंबरात आलेल्या वस्तूंच्या त्यांच्या नोंदीत २८ बशा, चार सुऱ्या, पाच काटे आणि एक किसणीसुद्धा आहे. जे देवाकडून आले ते आपले नव्हे, ही जाणीव असलेला माणूस किसणीही लिहून ठेवतो. हडसन टेलर यांनी १८५७ मध्ये आपल्या संस्थेचा राजीनामा दिला, तो ती उसन्या पैशावर चालत होती म्हणून. पुढे १८६५ मध्ये त्यांनी स्थापलेल्या चायना इनलँड मिशनमध्ये ठरावीक पगाराची हमी नव्हती, तशी कर्ज काढायची मुभाही नव्हती. या दोघांच्या कार्याचे वृत्तांत वाचलेल्या पंडिता रमाबाईंना अमेरिकेतील असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता. ती मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबागेची सोय केली. प्रार्थनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, छापखानाही चालला.

हिशेब चुकला की त्याची झळ सर्वांत आधी घरातल्यांना लागते. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम केरी १७९३ मध्ये बायकामुलांसह बंगालात आले. त्यांचे सहकारी जॉन टॉमस कर्जबाजारी होते. धनको इंग्लंडातच त्यांच्या मागे लागले होते. केरींच्या पत्नी डोरोथी मुळात यायला तयार नव्हत्या. निघण्याच्या तोंडावर, तान्हे मूल घेऊन त्या राजी झाल्या. बंगालात हातातले पैसे लवकरच संपले आणि मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात केरींना काम मिळाले म्हणून घर तगले. देवाने पुरवले, ते नोकरीच्या रूपाने. तिथेच १७९४ मध्ये छोटा पीटर दगावला आणि डोरोथींचे मन पुढे कायमचे ढळले. याचा सगळा दोष पैशाला देणे अन्यायाचे होईल; आजार वही पाहून येत नाही. पण सहकाऱ्याचे कर्ज आणि पत्नीची नाखुशी, या दोन गोष्टी जहाजात पाय ठेवण्याआधी दिसत होत्या.

यावर मान्न्याचा दाखला दिला जातो: उरवून ठेवला तर त्यात किडे पडले. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले आहे आणि तो साठा नासला नाही. योसेफाने मिसरात सात वर्षे धान्य साठवले, तेही देवाने दाखवल्यामुळेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळे आकडे जुळेपर्यंत थांबले तर कोणीच निघणार नाही. हे मला मान्य आहे, म्हणून तूट नसावी असे मी म्हणत नाही. ती नेमकी किती हे माहीत असावे. सारफथच्या विधवेला घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले आहे हे ठाऊक होते आणि एलीयाला तिने ते स्पष्ट सांगितले. तिसरा आक्षेप असा की गरज बोलून दाखवणे म्हणजे भीक मागणे. मग स्पेनला जाण्यासाठी रोमच्या मंडळीकडून मदतीची अपेक्षा पौलाने पत्रात लिहिली, तिला काय म्हणायचे? मिझोरममधील बाया १९१० पासून स्वयंपाकाच्या तांदळातून रोज मूठभर बाजूला काढतात. मंडळी तो विकते आणि त्यातून सेवक पाठवले जातात. कोणाची काय गरज आहे हे कळल्याशिवाय मूठ कोणासाठी काढायची?

तेव्हा तयारीला लागलेल्या घराने आधी हप्ते आणि उसनवारी फेडावी. त्यासाठी प्रशिक्षण वर्षभर पुढे गेले तरी पाचारण विटत नाही. वहीत फीबरोबर गावाकडच्या आईवडिलांची औषधे, मुलांच्या शाळेचा बदल, आरोग्य विमा आणि परतीचे भाडेही मांडावे. नवरा-बायकोने ती एकत्र बसून लिहावी आणि एकाचा जरी होकार नुसत्या मानेचा असेल तर थांबावे. मग ती पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या दोन जाणत्या माणसांना दाखवावी, दर तीन महिन्यांनी जमाखर्चही कळवावा. तूट आकड्यात लिहून प्रार्थनेत ठेवली की आलेले उत्तर ओळखता येते आणि उपकारस्तुती मोघम राहत नाही. वही दाखवायची ज्या घराला लाज वाटते, त्याने प्रशिक्षणाचा अर्ज आणखी थोडे दिवस जवळच ठेवावा.