खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : पहिले सहा आठवडे

समुद्रातील मासे काचेच्या टाकीत राखण्याचा उद्योग भारतात बराच जुना आहे. मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या पुढाकाराने मरीना किनाऱ्यावर १९०९ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ते बंद झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. अशा संस्थांना जाणते कर्मचारी आणि पाणी खेळविणारी मोठी यंत्रे लाभतात. घरातील शंभर लिटरच्या टाकीला मात्र मालकाच्या धीरावरच विसंबावे लागते. चेन्नईत अशी टाकी प्रथमच मांडणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावे, याचा विचार येथे केला आहे.

पाणी

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्र दाराशी आहे म्हणून घागर भरून आणावी, असा मोह चेन्नईकरास साहजिकच होतो. परंतु कूवम व अड्यार या नद्यांच्या मुखांजवळचे पाणी शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेले असते. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो; त्याच सुमारास किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळून उपसागराच्या उत्तर भागातील नद्यांनी पातळ केलेले पाणी घेऊन येतो. म्हणून त्या महिन्यांत किनाऱ्याचे पाणी नेहमीपेक्षा कमी खारट असते. नवशिक्याने कृत्रिम समुद्री मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवून घ्यावे, हेच श्रेयस्कर. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांस घातक असते. घनतामापकावर विशिष्ट गुरुत्व १·०२३ ते १·०२५ यांच्या दरम्यान असावे.

डोळ्यांना न दिसणारी क्रिया

पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू लागले की टाकी तयार झाली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच निर्माण होतो. तो पाण्यात दिसत नाही, परंतु माशाच्या कल्ल्यांना इजा करतो. समुद्रात तो अफाट जलराशीत विरतो. टाकीत तो साचत जातो.

खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक का, हे समजून घ्यावे. अमोनियाचे पाण्यात दोन प्रकार असतात. त्यांपैकी मुक्त अमोनिया हा विशेष विषारी. पाण्याचा सामू, म्हणजे अम्लता वा अल्कता दर्शविणारा अंक, ७ असता एकूण अमोनियाचा शेकडा एक भागाहूनही कमी अंश मुक्त असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८·२ असतो. तेथे, चेन्नईच्या उष्ण हवेत, हा अंश शेकडा आठ-नऊपर्यंत चढतो. गोड्या पाण्यात जे प्रमाण निभावून जाते, ते येथे प्राणघातक ठरू शकते.

या विषाचा निचरा सूक्ष्मजीव करतात. एक वर्ग अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो. दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट बनवितो, आणि नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. या कामी केवळ जीवाणूच असतात असे पूर्वी मानले जाई. परंतु २००५ साली सिॲटल येथील मत्स्यालयाच्या खाऱ्या पाण्यातूनच अमोनियावर जगणारा आर्किया वर्गाचा एक जीव वेगळा करण्यात आला. हे सारे जीव वाळू, दगड व गाळणी यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात, आणि फार सावकाश वाढतात. वस्ती पुरती बसण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

क्रम

टाकीत वाळू, सच्छिद्र दगड, गाळणी व हवेचा पंप मांडून खारे पाणी भरावे. मासे घालू नयेत. कोळंबीचा एक लहानसा तुकडा पाण्यात ठेवावा. तो कुजून सूक्ष्मजीवांना अन्न मिळते. दर दोन दिवसांनी परीक्षणसंचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून वहीत तारखेनिशी लिहावे. प्रथम अमोनिया चढेल. तो उतरू लागला की नायट्राइट चढेल. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसेल. मगच पाण्याचा चौथा हिस्सा बदलून एक-दोन काटक मासे सोडावेत. एकदम अधिक मासे सोडल्यास सूक्ष्मजीवांची वस्ती अपुरी पडते आणि अमोनिया पुन्हा डोके वर काढतो.

आरंभीचे दोष व उपाय

पाणी दुधाळ होणे : कुजणाऱ्या पदार्थांवर अन्य जीवाणू भराभर वाढल्याचे हे लक्षण होय. ते बहुधा आपोआप निवळते. हवेचा पुरवठा मात्र वाढवावा.

वाळूवर तपकिरी थर : हे सूक्ष्म शैवाल नव्या टाकीत हमखास येते आणि पुढे ओसरते.

माशांची धाप : पृष्ठभागी येऊन मासा जलद श्वास घेऊ लागल्यास प्रथम अमोनिया मोजावा. तो आढळल्यास अन्न थांबवावे, त्याच तापमानाच्या व क्षारतेच्या पाण्याने निदान चौथा हिस्सा बदलावा आणि हवा वाढवावी. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो, हे ध्यानात असू द्यावे.

क्षारता वाढणे : उन्हाळ्यात टाकी थंड राखण्यासाठी पंखा लावला की बाष्पीभवन वाढते. पाणी उडते, मीठ मागे राहते. शंभर लिटरमधील साडेतीन किलो मीठ नव्वद लिटरमध्ये उरले, तर लिटरमागे ३५ ग्रॅमऐवजी सुमारे ३९ ग्रॅम होते. ही तूट शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरावी. खारे पाणी घातल्यास दोष दुणावतो.

शेवटी एक सावधगिरी. जिवंत प्रवाळ व समुद्री घोडा हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते किनाऱ्यावरून आणू नयेत. क्लाउनफिशसारखे मासे आता पैदास करूनही मिळतात. तेच पसंत करावेत. समुद्रातून पकडलेला मासा अपक्व टाकीत मेला, तर त्याच्या जागी दुसरा पकडला जातो. सहा आठवडे रिकामी टाकी पाहत राहण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे, त्याने हा नाद अवश्य धरावा.