तत्त्वज्ञानाचा जमाखर्च

बारावीनंतर तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते, असे धाकट्या बहिणीने जाहीर केले, तेव्हा घरात पहिला विरोध मी केला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मी. जमा-नावे जुळल्याशिवाय चैन पडत नाही. "दादा, आधी हिशोब तर मांड, मग नाही म्हण," ती म्हणाली. मांडला, तो असा.

नावे बाजू आधी. 'तत्त्वज्ञ पाहिजे' अशी जाहिरात कोणी देत नाही. हायस्कुलात हा विषयच नाही. म्हणून पुढे बी.एड. करायचे तर पदवीला सोबत इतिहासासारखा शालेय विषय हवा. (हे तिला कोणीच सांगितले नव्हते!) प्राध्यापकीसाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण, वर नेट किंवा सेट. एवढे करूनही जागा निघेल तेव्हा. या वाटेपुढे मी तरी बुडीत कर्जासाठी ठेवतात तशी तरतूद ठेवीन.

आता जमा. तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. समोरच्याच्या युक्तिवादातील फट शोधणे हे वकिलाचे काम. तर्कशास्त्रात दुसरे काय शिकवतात? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लेखी १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाला असतात, आणि त्या विषयांत तत्त्वज्ञान आहे. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच आहे. मात्र तेथे यशस्वी थोडे आणि वर्षे जातात फार. हे उत्पन्न भरवशाचे धरू नये. बँकेच्या परीक्षेला तर कोणतीही पदवी चालते. म्हणजे तेथे ती आणि मी एकाच रांगेत! हे लिहिताना मला जरा लागलेच.

बाबांनी गुरुदेव रानड्यांचे नाव काढले. १८८६ साली आपल्याच भागात, जमखंडीत जन्मलेले. फर्ग्युसनमध्ये शिकवून पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख झाले, मराठी व कन्नड दोन्हींकडच्या संतांवर लिहिले. अभिमान खराच, पण बाबा, जुन्या भावाने आजचे बिल होत नाही.

बहिणीने कागद वाचला, इतिहासापुढे खूण केली आणि विचारले, "दादा, तुझ्या बी.कॉम.चा असा मांडला आहेस का?"

अजून मांडलेला नाही.