एकाच सुराची तीनदा खरेदी

तुणतुण्याला तार एक, सूर एक. त्यामुळे लॅपटॉपवर वाजणारं तुणतुणं विकत घेताना फसायला जागाच नाही, असं मी धरून चाललो होतो. असा आवाज मिळवण्यात माझे दीड महिने आणि जवळपास सात हजार रुपये गेले.

12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो. त्याच्या आधी माझ्या चिखलीतल्या खोलीवजा स्टुडिओत पोवाडे यायला लागतात. त्या वर्षी एका शाहिरांचा तुणतुणं धरणारा झीलकरी ऐनवेळी आजारी पडला. डफ होता, झांज होती. ‘तुणतुणं मी कॉम्प्युटरवरून टाकतो,’ असं मी बोलून बसलो.

पहिली खरेदी जाहिरातीतल्या नावावर झाली. नाव तुणतुण्याचं, आवाज मात्र बाउलांच्या गोपीयंत्राचा! त्याला बांबूच्या दोन पट्ट्या असतात. त्या दाबल्या की तार सैल होते आणि सूर वाकतो. तुणतुण्याचा दांडा एकच, ताठ. पोकळ नळकांड्याच्या तळाला चामडं, त्यातून निघालेली तार वर खुंटीला. एकदा पिळली की सूर पक्का. मला मिळालेल्या प्रत्येक ठोक्यात मींड होती, म्हणजे पोवाड्याला निरुपयोगी. वर ते कॉन्टॅक्ट या आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पूर्ण, विकतच्या आवृत्तीसाठी बनवलेलं. फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये असा माल 15 मिनिटं वाजतो आणि गप्प होतो. हे पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं; मी वाचलं नव्हतं. डाउनलोड झालेला माल परत घेत नाहीत, हेही मग कळलं.

दुसऱ्या वेळी मोठं गाठोडं घेतलं. भारतीय लोकवाद्यांची भरगच्च यादी, त्यात तुणतुणं. उघडलं तर सुटे ठोके नाहीतच, वाजवून ठेवलेले तयार लूप. पोवाड्याची लय एका जागी बसत नाही. प्रसंग रंगला की ती चढते, आणि लूप आपला सरकारी चालीने चाललेला. त्याहून मोठा घोटाळा सुराचा. लूप पांढरी एकमध्ये, आमचे शाहीर पांढरी पाचला गाणारे. सूर पंचमापर्यंत नुसता ओढून चढवला तर ध्वनिफीत दीडपट वेगाने धावते. वेग तोच ठेवून सूर चढवायची सोय असते, पण मग टणत्कार भुरभुरीत होतो. शिवाय बऱ्याचदा तारेबरोबर चामड्याची आणि लाकडाची घुमही वर सरकते. खरं तुणतुणं खुंटी पिळून चढवलं तर तार चढते, नळकांडं काही लहान होत नाही. माझं मात्र जत्रेतलं खेळणं झालं.

तिसरं सर्वांत स्वस्त निघालं आणि तेच बरं निघालं. कुणा एकट्याने बनवलेलं, डीसेंट सँप्लर या फुकट प्लेअरवर चालणारं. हलका, मधला आणि जोराचा असे तीन प्रकारचे ठोके, प्रत्येकाचे चार नमुने, आळीपाळीने वाजणारे. या आळीपाळीला राउंड रॉबिन म्हणतात. ती नसेल तर तोच ठोका हुबेहूब पुन्हा पुन्हा येतो आणि कान दहाव्या सेकंदाला विटतो. सतार-सरोदला हे एक वेळ खपेल, तिथे सूर तरी बदलतात. तुणतुण्यात बदलतो तो फक्त ठोका. ‘आपलंच तुणतुणं वाजवणं’ हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला, त्याने ते नीट ऐकलं नसावं.

तिन्ही आवाज गल्लीतल्या गोंधळीकाकांना ऐकवले. पहिल्याला ते हसले. दुसऱ्याला म्हणाले, “हे तं लेकराचं हाय.” तिसऱ्याला मान हलवली आणि विचारलं, “काहून रे, एकच सूर तं हाये, त्याले तीनदा पैसे काहाले देल्ले?”

ते स्वतःचं तुणतुणं घेऊन आले. पंखा बंद केला, दाराला गोधडी लावली, माइक चामड्यापासून वीतभर अंतरावर. आधी पांढरी पाचला खुंटी लावून घेतली, म्हणजे ओढाताणच नको. काडीचे साठेक ठोके घेतले, त्यातले बेचाळीस ठेवले. डीसेंट सँप्लरला कुठली फाइल कधी वाजवायची हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. दोन संध्याकाळी गेल्या. काकांना मानधन दिलं आणि रेकॉर्डिंगवर त्यांचं नाव घातलं. तिन्ही खरेद्यांहून हे स्वस्त पडलं.

तिसरं मी अजूनही वापरतो, मागे गर्दीत वाजायचं असेल तेव्हा. एकट्या तुणतुण्यावर शाहीर उभा राहणार असेल तर नाही.

तुमच्या तालुक्यात तुणतुणंवाला नसेल आणि विकतच घ्यायचं असेल, तर डॉलरच्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून हिशेब करा. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला ईमेल लिहा: सुटे ठोके किती, राउंड रॉबिन किती, मूळ सूर कोणता, कोणत्या प्लेअरवर चालतं. आणि कसल्याही साथीशिवायचा अर्ध्या मिनिटाचा नमुना मागा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका.