बाळ आडवं आहे, आता?

प्रश्न : मला 33वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळ आडवं दिसलं. सासूबाई म्हणतात, सुईणीकडून पोट चोळून घे. सिझेरियनच होणार का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आत्तापासून सिझेरियनची धास्ती नको. तुमच्या झोपण्या-वाकण्यानं बाळ आडवं झालेलं नाही. बरीच बाळं 36व्या आठवड्यापर्यंत आपणहून फिरतात. पोट मात्र कुणालाही चोळू देऊ नका, सासूबाईंचा मान राखूनही! वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. वार खाली आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. 37व्या आठवड्यानंतरही आडवंच राहिलं, तर काही जणींचं बाळ डॉक्टर रुग्णालयातच बाहेरून हातानं फिरवतात. नाही जमलं तर सिझेरियन. पाणी गेलं, तर नाळ खाली घसरण्याचा धोका असतो. तेव्हा किंवा कळा सुरू होताच, चहा-अंघोळीत वेळ न दवडता गाडीत कुशीवर पडून थेट रुग्णालय गाठा. बॅग आजच भरून ठेवा.