स्वस्त स्मार्टफोन : हजार-दोन हजार जास्त द्यायचे ते कशासाठी?

पौडला शिलाईचे दुकान असलेले एक मास्टर गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे आले. हातात दोन फोनची माहिती लिहिलेला कागद होता. म्हणाले, "भाई, दुकानदार म्हणतो दोन हजार टाका आणि फाइव्ह-जी घ्या. मुलगाही तेच म्हणतो. तुम्ही हिशेब करून सांगा." त्यांच्या जुन्या फोनची जागा भरून गेली होती. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक पैसे पाठवून समोर उभे राहायचे आणि फोन मिनिट-मिनिट उघडायचा नाही. मापाचे आणि डिझाइनचे फोटो पुसून पुसून जागा करावी लागत होती. त्या धांदलीत एका घागऱ्याच्या मापाचा फोटोही पुसला गेला. मास्टरांसाठी फोन हे कात्री-टेपसारखे हत्यार झाले आहे, आणि हत्यार घेताना करतो तसा हिशेब फोनचाही झाला पाहिजे. आम्ही केलेला हिशेब इतर कारागीर व व्यापारी बांधवांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

कागदावरचे दोन्ही फोन एकाच कंपनीचे होते. पहिला रेडमी ए-५. हा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला आणि फोर-जीवर चालतो. ३ जीबी रॅम व ६४ जीबी जागेचा ६,४९९ रुपयांना, तर ४ जीबी रॅम व १२८ जीबी जागेचा ७,४९९ रुपयांना जाहीर झाला होता. दुसरा रेडमी ए-४ फाइव्ह-जी. हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. ४ जीबी रॅम व ६४ जीबी जागेचा ८,४९९ आणि ४ जीबी व १२८ जीबीचा ९,४९९ रुपयांना. या किमती फोन बाजारात आले त्या वेळच्या आहेत. मोबाइलचे भाव वर-खाली होतात, म्हणून दुकानात आजचा भाव विचारावा. येथे हिशेबाची रीत महत्त्वाची आहे, आकडे आपापले घालावेत.

दोघांत सारखे काय आहे ते आधी बाजूला काढू, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यातला निम्मा भाग आपोआप गळून पडेल. दोघांचा पडदा ६.८८ इंचाचा, स्पष्टता सारखीच. बॅटरी एकाची ५,२०० आणि दुसऱ्याची ५,१६० एमएएच, म्हणजे फरक नाहीच. दोघांत वेगळे मेमरी कार्ड बसते. कॅमेऱ्याचा मोठा आकडा ए-४ च्या खोक्यावर असला, तरी गिऱ्हाइकाला नमुन्याचा फोटो पाठवायला दोन्ही पुरेसे आहेत. कॅमेऱ्याच्या आकड्यावर पैसे मोजू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. गळ्याचे भरतकाम नीट दिसायला उजेड लागतो, आकडा नव्हे.

आता फाइव्ह-जीचा मुद्दा. येथे बहुतेकांची फसगत होते. फाइव्ह-जीचे जाळे दोन प्रकारचे असते. एक स्वतःच्या पायावर उभे, त्याला 'एसए' म्हणतात. दुसरे फोर-जीच्या आधाराने चालणारे, ते 'एनएसए'. एकाने स्वतःचा गाळा घेऊन दुकान थाटावे आणि दुसऱ्याने थोरल्या भावाच्या दुकानातच एक काउंटर टाकावा, तसा हा फरक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झाले तेव्हा जिओने पहिली पद्धत घेतली आणि एअरटेलने दुसरी. रेडमी ए-४ फक्त पहिल्या पद्धतीचे फाइव्ह-जी ओळखतो. त्यामुळे तो बाजारात आला तेव्हा जिओच्या सिमवर फाइव्ह-जी मिळे, पण एअरटेलचे सिम घातले की तोच फोन फोर-जीवर चाले. खोक्यावर मात्र 'फाइव्ह-जी' हेच शब्द मोठे होते. कंपन्यांची जाळी बदलत असतात, म्हणून आपले सिम दुकानातल्या फोनमध्ये घालून वर काय उमटते ते डोळ्यांनी पाहावे. मास्टरांकडे जिओचे सिम नव्हते. म्हणजे दोन हजार ज्या नावासाठी द्यायचे, ते त्यांच्या हाती येण्याची खात्री नव्हती.

शिवाय मुळशी तालुका एकसारखा नाही. एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क, तर दुसऱ्या टोकाला धरणाचे पाणी आणि ताम्हिणीचा घाट. चांदणी चौक सोडून भूगाव, पिरंगुट, पौड असे पुढे जावे तसे डोंगर जवळ येतात, आणि डोंगराआड सिग्नल दबतो हे या रस्त्याने जाणाऱ्या कोणत्याही टेम्पोवाल्याला माहीत आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक मोबाइल कंपनीला कोणत्या भागात टू-जी, फोर-जी की फाइव्ह-जी आहे याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. फोन घेण्यापूर्वी तो नकाशा पाहावा. त्याहून खात्रीची रीत म्हणजे शेजाऱ्याचा फाइव्ह-जी फोन आपल्या गाळ्यात, शिलाई मशीनपाशी आणून पाहणे. चौकात सिग्नल असून उपयोग नाही, पैसे गाळ्यात घ्यायचे आहेत.

आणि पैसे घ्यायला फाइव्ह-जी लागते कुठे? यूपीआयच्या एका व्यवहारात जाणारी माहिती अगदी थोडी असते. व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर, बिलाचा फोटो, बँकेचा मेसेज, सगळे फोर-जीवर व्यवस्थित चालते. व्यवहार अडकतो तो बहुधा बँकेच्या यंत्रणेमुळे, सिग्नल नसल्यामुळे किंवा फोन भरून गेल्यामुळे. फाइव्ह-जी यातल्या कशावरही औषध नाही. ज्यांच्या घरी मुले दिवसभर व्हिडिओवर शिकतात त्यांची गोष्ट वेगळी. जुलै २०२४ च्या दरपत्रकात जिओने रोज २ जीबी व त्यावरच्या प्लानवर फाइव्ह-जी डेटा अमर्याद ठेवला होता. असा वापर असेल तर फरक काही महिन्यांत वसूल होऊ शकतो. आपल्या वापराचा आकडा फोनच्या सेटिंगमध्येच असतो, तो आधी पाहावा.

तर मग ए-४ ला जास्त पैसे देण्यात काहीच अर्थ नाही का? तसे नाही. जाहिरातीत ठळक नसलेली एक गोष्ट त्यात चांगली आहे. फोनच्या आतली साठवण दोन जातींची असते. ए-५ मध्ये 'ईएमएमसी ५.१' ही जुनी, धीमी जात आहे, तर ए-४ मध्ये 'यूएफएस २.२' ही वेगवान जात. गोदाम तेवढेच, पण एकाला अरुंद दार आणि दुसऱ्याला रुंद. दोन-तीन अॅप चालवणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. पण ज्याच्या फोनवर बिलाचे अॅप, बँकेची दोन अॅप, ऑर्डरचे अॅप आणि नकाशा एकाच वेळी उघडे असतात, त्याला जाणवेल, आणि फोन जुना होईल तसा अधिक जाणवेल. ए-४ ची चिपही नव्या, बारीक घडणीची आहे, त्यामुळे ती कमी तापते. पिरंगुटच्या कारखान्यांना माल पोचवणाऱ्या किंवा हिंजवडीत घरोघर सुतारकाम, एसीचे काम करणाऱ्या भाईंना आम्ही ए-४ घ्या असे सांगू, पण फाइव्ह-जीसाठी नव्हे, या वेगासाठी. आणि घ्यायचा तर १२८ जीबीचाच.

जागेबाबत आम्ही थोडे हट्टी आहोत. सर्वांत स्वस्त म्हणून ए-५ चा ३ जीबी-६४ जीबी नमुना घेण्याचा मोह होतो. हजार रुपये वाचतात. परंतु ६४ जीबीतला चांगला मोठा भाग फोनची स्वतःची यंत्रणा व्यापते, उरलेला व्हॉट्सअॅप खाते, आणि मेमरी कार्ड फोटोंना आसरा देते, अॅपना नाही. मास्टरांचा जुना फोन याच आजाराने गेला होता. तोच आजार नव्या खोक्यात विकत आणण्यात शहाणपण नाही.

आयुष्याचा हिशेब असा. दोन्ही फोनना कंपनीने चार वर्षे सुरक्षेचे अपडेट जाहीर केले आहेत. ही वर्षे आपण फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीत, फोन बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात. जितका उशिरा घ्याल तितकी कमी उरतील. बँकेची अॅप जुन्या फोनवर कधीतरी चालेनाशी होतात, म्हणून हे महत्त्वाचे. हाती तीन वर्षे धरली तर ए-५ चे ७,४९९ रुपये महिन्याला सुमारे २०८ पडतात आणि ए-४ चे ९,४९९ सुमारे २६४. महिन्याचा फरक ५६ रुपये. पण पडदा एकदा फुटला की हा सगळा हिशेब उलटतो. म्हणून फोन घेण्याआधी आपल्या दुरुस्तीवाल्याला विचारावे की या मॉडेलचा 'कॉम्बो' केवढ्याला बसतो आणि तो लगेच मिळतो, की बुधवार पेठेत तपकीर गल्लीला चक्कर मारावी लागते. दुकान बंद ठेवून पुण्याला जाण्याचा दिवसही किमतीत धरला पाहिजे.

जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, एप्रिल २०२० पासून. फोन धंद्यासाठी असेल आणि बिल आपल्या दुकानाच्या नावे, जीएसटी नंबरासह घेतले, तर तो कर आपल्या करातून वजा मागता येतो. ७,४९९ मध्ये कर सुमारे १,१४४ रुपये आहे आणि ९,४९९ मध्ये १,४४९. बरेच जण घाईत स्वतःच्या नावे बिल करतात आणि ही रक्कम सोडून देतात. कंपोझिशन योजनेतल्यांना मात्र ही सवलत नाही.

राहिला हप्त्यांचा प्रश्न. मास्टरांच्या कागदावर शेवटी 'नो कॉस्ट ईएमआय' असे लिहिले होते आणि त्यांनी विचारले, "याच्यात व्याज नाही ना?" नाव ऐकून तसे वाटते खरे. परंतु रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात झाकलेले असते. रीत अशी असते : बँक कर्ज देते, त्यावर व्याज लावते आणि दुकानदार किंवा कंपनी तेवढीच सूट किमतीत दाखवते. समजा व्याज ५०० रुपये झाले आणि सूटही ५०० मिळाली. तरी त्या ५०० वरचा ९० रुपये जीएसटी आपल्यावर. प्रोसेसिंग फी २०० धरली तर तिच्यावर ३६ आणखी. म्हणजे ३२६ रुपये गेले. हप्ता चुकला तर दंड वेगळा. पैशाहून मोठी गोष्ट ही की कागदावर तो व्याजाचा करार आहे आणि खाली सही आपली आहे. दुकानदाराने स्वतः ठरलेल्या एकाच किमतीला उधारीवर फोन देणे हा वेगळा व्यवहार आहे. बहुतेक फुकहा तो जायज मानतात. आपला व्यवहार कशात बसतो हे सहीआधी जाणकार आलिमांना विचारून घ्यावे.

मास्टर ज्या बारा दर्जींच्या भिशीत आहेत, ती साधी चिठ्ठीची भिशी आहे. प्रत्येकाला भरले तेवढेच मिळते. लिलावाच्या भिशीत घाईचा माणूस कमी रक्कम उचलतो आणि उरलेली इतरांत वाटली जाते, त्या वाटेला आम्ही कुणाला जायला सांगणार नाही. यांच्या भिशीत कुणाला नड असेल तर चिठ्ठी बदलून देण्याचा रिवाज आहे. मास्टरांनी तसे विचारले आहे.

त्यांनी ए-५ चा १२८ जीबीचा फोन रोखीने घ्यायचे ठरविले आहे. भिशीचे पैसे हाती येईपर्यंत जुनाच फोन चालवणार. तोवर त्यातली सगळी मापे वहीत उतरवून काढायला मुलाला बसविले आहे.