हरभरा, हंस आणि वारा : गाळपेर राखणाऱ्याला कानमंत्र

बाबू, खडकपूर्णेच्या काठची गाळपेरीची पट्टी तू यंदा कसायला घेतलीस, बरं केलंस. दिवाळी उलटली की तिथल्या चोखासागर धरणाचं पाणी मागं सरतं आणि ओला गाळ उघडा पडतो. त्यात हरभरा टाकला की जोमानं उगवतो. पण तो बोटभर होतो न होतो, तोच हिमालयापलीकडचे पाहुणे हजर होतात. आपण त्यांना राजहंस म्हणतो, पक्षीवाले पट्टकादंब म्हणतात. त्यांच्याशी कसं वागायचं ते सांगतो.

१. बंदूक विसर, विद्या विसरू नको.
जुन्या काळी ठासणीच्या बंदुका घेऊन माणसं पहाटे काठावर दबा धरून बसायची. तो काळ गेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही बंद झाली. फास, जाळं, विष घातलेले दाणे हीसुद्धा कायद्यानं शिकारच. पण वारा, उजेड आणि पाखराची मान वाचायची त्या लोकांची विद्या राखणदाराच्याही कामाची आहे.

२. आधी पाखरू ओळख.
राखाडी अंग, पांढरं डोकं, त्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी, तो आपला हंस. भगव्या रंगाचं, बहुतेक जोडीनं दिसणारं ते चक्रवाक. त्याच्या नावानं हंसाला शिव्या घालू नको. डोक्यावर पट्टे नसलेला हंस दिसला तर ते यंदाचं पिल्लू समज. पहिला हिवाळा ते आईबापांसोबतच काढतं. म्हणजे तुझ्या शेतात उतरतात ती कुटुंबं असतात.

३. त्यांचं घड्याळ पाठ कर.
दिवसा ते उथळ पाण्यात नाही तर मधल्या उघड्या बेटावर विसावतात. चरायला निघतात तिन्हीसांजेला, आणि रात्रभर कोवळा हरभरा-गहू खुडतात. म्हणून दुपारी पट्टीवर फेऱ्या घालून उपयोग नाही. सूर्य कलला की हजर राहा. आधी चार-दोन हंस घिरट्या घालून जागा पाहतात. ते उतरले की मागून सगळा थवा उतरतो. त्या चौघांना उतरू दिलं नाहीस, तर निम्मी रात्र वाचली.

४. वाऱ्याला विचारून बस.
हंस जड पाखरू, दोन-तीन किलोचं. ते वाऱ्याला तोंड करूनच उतरतं आणि उडतंही तसंच. मूठभर माती उडवून वारा कुठून येतो ते बघ आणि त्या अंगाच्या धुऱ्यावर बस. थवा तुझ्यासमोर तोंड करून येईल. नुसतं बघायचं असेल तर सूर्य पाठीशी घे, पांढरा सदरा घरी ठेव, अंगावर घोंगडी घे.

५. माना मोज.
थवा चरताना एक-दोन माना वर असतात, ते पहारेकरी. तेवढ्यावर थवा निवांत. पाच-दहा माना एकदम ताठ झाल्या आणि ‘आंग आंग’ आवाज वाढला की थांब आणि खाली बस. बघायला जवळ जाताना सरळ चालत जाऊ नको, तिरका जा.

६. हाकल, पण दुखवू नको.
हंसाला चौफेर दिसणारी मोकळी जागा लागते. पाण्यालगतची पट्टी त्याला सगळ्यात प्यारी. तिथं पेरणी करू नको, गवत वाढू दे. हरभरा वरच्या अंगाला घे. चमकीच्या पट्ट्या वाऱ्यात फडफडतील अशा ताण. बुजगावणं दर दोन-तीन दिवसांनी हलव, एका जागी राहिलं की पाखरं त्याच्याच सावलीत चरतात. डबा वाजव, गोफणीचा नुसता फटका काढ. नायलॉनचा दोरा मात्र बांधू नको, त्यात पाय-पंख अडकून पाखरं तडफडून मरतात. आणि ते विसावतात त्या बेटावर फटाके फोडू नको. थवा उठून शेजाऱ्याच्या शेतात उतरतो, आणि शेजारी उद्या तेच तुझ्यासोबत करतो.

७. गाळाला भिऊन चाल.
गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो. खाली लिबलिबीत असतो. हातात काठी हवी. गुरांच्या खुरांची वाट सोडू नको. अंधारात पाण्याच्या कडेला एकट्यानं जायचं नाही.

८. मेलेलं पाखरू हाताळू नको.
२०२१ च्या सुरुवातीला हिमाचलातल्या पौंग जलाशयावर बर्ड फ्लूनं हजारो पाखरं मेली, त्यात सर्वांत जास्त हेच हंस होते. मेलेलं किंवा लुळं पडलेलं पाखरू दिसलं तर कोंबड्या, कुत्रं, पोरं लांब ठेव आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. एखाद्या हंसाच्या गळ्यात पट्टा दिसला तर त्याचा रंग आणि आकडा-अक्षरं टिपून घे, जमलं तर फोटो काढ. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस महाराष्ट्रात याआधीही दिसले आहेत. ती नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळव.

एवढं का करायचं, असं विचारशील. हा हंस हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी पाठीवर यंत्र बांधून मोजलं, तेव्हा एक हंस सात हजार मीटरच्या वर उडताना सापडला. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरतं. परतीच्या त्या वाटेचं बळ त्याला आपल्याच काठावर साठवायचं असतं. उगाच दहादा उठवलास तर खाल्लेलं तिथंच जिरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निघून जातो, तोवर तुझ्या हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. तेव्हा पोरा, दोन-अडीच महिने संध्याकाळ सांभाळ, पाण्याकडची एक पट्टी त्याला सोड, आणि उरलेलं पीक तुझं.